१९१२ सालचा ब्रायर पाइप: पन्नास दिवसांची दुरुस्ती

११ जानेवारी २०२५ ला बर्मिंगहॅममधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ४२ पौंडांना घेतलेला तंबाखू ओढायचा पाइप २ मार्चला पूर्ण झाला. मधल्या पन्नास दिवसांत हात प्रत्यक्ष कामाला लागले ते जेमतेम चौदा-पंधरा तास. बाकी सगळी वाट पाहणी होती: अल्कोहोल उडून जाण्याची, लाकूड सुकण्याची, गोंद कडक होण्याची, लेप वाळण्याची. कुणाला आजोबांच्या कपाटात असा पाइप सापडला आणि हात लावायची भीती वाटली, तर कामांचा क्रम आणि त्यामागची कारणं हाताशी असावीत म्हणून हे तारखांसह लिहीत आहे.

आधी भागांची नावं. तंबाखू भरायची ती वाटी, तिला जोडलेला लाकडी दांडा म्हणजे शँक आणि तोंडात धरायचा काळा भाग म्हणजे स्टेम. स्टेमच्या टोकाला बारीक गोल दांडी असते तिला टेनन म्हणतात. सुतारी भाषेत कुसू. ती शँकच्या खोबणीत घट्ट बसते. वाटी आणि शँक एकाच लाकडातून कोरलेले असतात. हे लाकूड ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाजवळची गाठ. ती गाठ कापून, तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने सुकवून मगच कोरतात. फ्रान्समधलं सां-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या धंद्याचं मुख्य ठिकाण झालं.

या पाइपच्या शँकवर चौकटीत तीन ‘बी’ आहेत आणि चांदीच्या पट्टीवर ‘एएफ अँड को’. ही लंडनच्या अडॉल्फ फ्रँकाऊ कंपनीची खूण. पट्टीवर त्याखाली आणखी तीन ठसे आहेत. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या अ‍ॅसे ऑफिसची खूण; मॅथ्यू बोल्टन यांच्या खटपटीने १७७३ मध्ये पार्लमेंटने चांदीची शुद्धता तपासणारं हे कार्यालय मंजूर केलं. तिसरा ठसा लहान लिपीतलं ‘एन’. बर्मिंगहॅमच्या तक्त्यात हे १९१२-१३ चं अक्षर. त्या काळी तिथलं अक्षर जुलैत बदलत असे, म्हणून एक अक्षर दोन वर्षांत विभागलेलं असतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड असला की हे सगळं पाच मिनिटांत वाचता येतं. समोरून उजेड पाडला तर ठसे सपाट दिसतात.

ठसा सांगतो तो पट्टीचं वय. पट्टी नंतर बदललेली असू शकते, म्हणून दुसरी खूण शोधली. स्टेमच्या तोंडाकडचं भोक गोल आणि लहान होतं. आजच्या स्टेमला तिथे आडवी फट असते. जुन्या काळच्या कित्येक स्टेमना असं गोल भोक असे. म्हणजे स्टेमही त्याच काळातलं असावं, आणि ते फेकून नवं लावायचं नाही हे तिथेच ठरलं.

कागदपत्रांचा भाग इथेच सांगतो, कारण तो कामाच्या आधी माहीत हवा. ब्रिटनमध्ये १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याप्रमाणे चांदीवरचा ठसा पुसणं किंवा बिघडवणं हा गुन्हा आहे, आणि ठसा असलेल्या वस्तूत धातूची भर घालायची तर अ‍ॅसे ऑफिसची लेखी संमती लागू शकते. पट्टी फाटलेली असेल आणि सोनाराकडून डाग लावून घ्यायचा असेल तर आधी विचारून घ्यावं. या पाइपची पट्टी फक्त सैल होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पट्टीचं वजन भरलं २.१ ग्रॅम. आजच्या नियमात ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला ठशाची सक्तीच नाही, त्यामुळे अशी एवढीशी पट्टी आज बनली तर तिच्यावर तारीख सापडेलच असं नाही. भारतात असलेला शंभर वर्षांपुढचा पाइप दुरुस्तीला परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा पाहावा. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू पुरावस्तू ठरत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यापाशी आहे. एका स्टेमसाठी एवढी यातायात करण्यापेक्षा काम घरी शिकलेलं बरं.

१२ जानेवारी. स्टेम शँकमध्ये घट्ट अडकलं होतं. जुन्या पाइपांची सर्वाधिक मोडतोड इथेच होते. जोर लावून पिळलं की टेनन आत तुटतो, नाहीतर शँकला उभी चीर जाते. पाइप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून २५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला. स्टेम असतं व्हल्कनाइटचं, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. थंडीत ते लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि पकड सुटते. बाहेर काढल्याबरोबर शँक मुठीत धरून स्टेम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत ओढलं. पहिल्या वेळी हललं नाही. पुन्हा २५ मिनिटं, आणि निघालं. वाटीला धरून मात्र कधी पिळू नये, सगळा ताण वाटी-शँकच्या सांध्यावर येतो.

त्याच दिवशी फोटो आणि मापं घेतली. वाटीचं तोंड मूळ १९ मिलिमीटरचं, पण जळक्या थराने ते १३ वर आलेलं. सैल पट्टी सरकवून काढली आणि डबीत ठेवली. ती आधीच काढणं महत्त्वाचं, कारण जुन्या पट्ट्या बहुधा लाखेने चिकटवलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पट्टी जागेवर ठेवून अल्कोहोल वापरलं तर ती अर्धवट सुटते, तिरकी बसते आणि विरघळलेली लाख खोबणीत उतरते.

१८ जानेवारीला खरवडायला घेतलं. वाटीच्या आत जळून जमलेल्या कोळशाच्या थराला केक म्हणतात. मिलिमीटरभर केक लाकडाचं आगीपासून रक्षण करतो, म्हणून वापरातल्या पाइपमध्ये तेवढा ठेवतात. जाड केक मात्र घातक, कारण गरम झाल्यावर तो लाकडापेक्षा निराळ्या प्रमाणात फुगतो आणि वाटी तडकते. या पाइपमध्ये तळाशी चार मिलिमीटर साचला होता. शंभर वर्षांच्या वाटीची भिंत आतून शाबूत आहे का हे पाहायचं असल्याने केक पूर्ण काढायचं ठरवलं. २४ पौंडांचा रीमर, म्हणजे वाटी आतून खरवडायचं हत्यार, घेतला, त्याला वेगवेगळ्या व्यासांची पाती येतात. सुरुवात सगळ्यात लहान पात्याने. मोठं पातं आधी घातलं तर केकचा आख्खा तुकडा निघतो आणि सोबत लाकडाचा टवका नेतो. शेवटचा थर १६ मिलिमीटरच्या लाकडी दांडीला २४० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून काढला. रीमर नसेल तर बोथट टोकाची सुरी चालते. टोकदार सुरी तळाला खड्डा पाडते. ही धूळ निकोटिनने आणि काजळीने भरलेली असते, म्हणून मास्क लावून, वर्तमानपत्रावर आणि स्वयंपाकघराबाहेर हे काम करावं.

उघड्या भिंतीवर उष्णतेच्या बारीक भेगांचं जाळं दिसलं. सुईचं टोक भेगेत रुतत नव्हतं, म्हणजे भेगा वरवरच्या होत्या. टोक रुतलं असतं किंवा बाहेरच्या बाजूला त्याच जागी काळा डाग असता, तर वाटी आतून जळत आली आहे असं समजायचं, आणि तो पाइप फक्त शोकेसमध्ये ठेवण्यासाठी दुरुस्त करायचा.

१९ जानेवारीचा दिवस शँकमधल्या किटणाने खाल्ला. ४५ पाइप क्लीनर (तारेवर मऊ धागे गुंफलेल्या काड्या) आणि निम्मा डबा कानकोरणी काड्या संपल्या. धुराचा मार्ग चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि मध्ये दगडासारखा बोळा बसलेला. साडेतीन मिलिमीटरचा ड्रिल बिट नुसत्या बोटांनी फिरवून तो सोडवला. यंत्राला बिट लावू नये, क्षणात नवा रस्ता पडतो. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, लिटरला ९ पौंड. ब्रिटनमधल्या औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट वापरू नका. त्यात एरंडेल तेल आणि विंटरग्रीनच्या वासाचं मिथाइल सॅलिसिलेट असतं. लाकडात शिरलेला तो वास निघता निघत नाही. जांभळं मेथिलेटेड स्पिरिट तर विषारी असतं, कडू असतं आणि रंगही सोडतं.

क्लीनर पांढरा बाहेर येऊ लागला तरी वास जात नाही, कारण किटण लाकडाच्या रंध्रांत मुरलेलं असतं. ते बाहेर ओढण्यासाठी वाटीत कापूस सैलसर भरला, शँकमध्ये कापसाची वात वळून सारली आणि ड्रॉपरने अल्कोहोल कडेच्या थोडं खालपर्यंत घातलं. पाइप अंड्यांच्या खोक्यात असा ठेवला की शँकचं तोंड आणि वाटीचं तोंड एका पातळीत राहील. अल्कोहोल उडत जातं तसतसं किटण कापसात येतं. २४ तासांनी कापूस चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झाला. कापूस बदलून पुन्हा २४ तास; या वेळी रंग फिका होता, म्हणून थांबवलं. बरेच जण कापसाऐवजी मीठ वापरतात. मिठाचे खडे शँकमध्ये अडकून राहिले की ओल धरतात, आणि त्याने शँक तडकल्याच्या तक्रारी अनुभवी दुरुस्ती करणाऱ्यांकडून येत राहतात. कापूस तितकंच काम करतो, मग तो धोका कशाला?

यानंतरचा टप्पा संयमाचा. २३ जानेवारीला स्टेम बसवून पाहिलं तर अर्ध्यावरच अडकलं. अल्कोहोलने लाकूड फुगतं आणि खोबण आवळते. इथे घाईने टेनन घासला तर लाकूड सुकल्यावर तोच टेनन लुळा पडतो. किमान आठवडाभर थांबावं. १ फेब्रुवारीला तेच स्टेम काहीही न घासता शेवटपर्यंत बसलं. टेनन सैल पडलाच तर तो ज्योतीवर दुरून किंचित गरम करून त्याच्या भोकात जरासा जाड गुळगुळीत सळईचा तुकडा ढकलतात. टेनन फुगतो आणि थंड होईपर्यंत सळई आत ठेवली की तसाच राहतो. कोरडाच ढकलला तर फुटतो.

लाकूड सुकत होतं तेव्हा स्टेमकडे वळलो. व्हल्कनाइटवर उजेड आणि ओल लागली की त्यातलं गंधक पृष्ठभागावर येतं. काळं स्टेम हिरवट तपकिरी होतं आणि चव जळक्या रबरासारखी लागते. २५ जानेवारीला कोमट पाण्यात एक चमचा ऑक्सिजन ब्लीचची पूड, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घालून स्टेम दोन तास ठेवलं. याने बिघडलेला थर मऊ होतो, जात नाही. तो घासूनच काढावा लागतो. पाणी उकळतं घेऊ नये, कारण व्हल्कनाइट उष्णतेने मऊ पडून वाकतं. क्लोरिनचं ब्लीच तर अजिबात नको, पृष्ठभागाला खड्डे पडतात. स्टेमवर कंपनीची खूण कोरलेली असेल तर तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा.

२६ तारखेला दातांचे खड्डे. व्हल्कनाइटला आपला मूळ आकार आठवतो. मेणबत्तीच्या ज्योतीवर पाच-सहा सेंटिमीटर उंच धरून सतत फिरवत राहिलं की खड्डे वर येतात. दहा-दहा सेकंदांच्या चार फेऱ्यांत वरचे दोन जवळजवळ बुजले. खालचा खोल होता. तो काळ्या सुपरग्लूने भरला, थर आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवला आणि २४ तास तसाच सोडला. गोंद झटपट वाळवणारा फवारा मारला की आत बुडबुडे धरतात आणि पॉलिश करताना तिथे टाचणीएवढी भोकं उघडतात. ज्योतीचं काम आणि अल्कोहोलचं काम एका दिवशी, एका खोलीत करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

१ फेब्रुवारीपासून घासकाम. भरलेली जागा आधी सपाट बारीक कानशीने सारखी केली आणि तोंडाकडची कड पुन्हा धारदार केली. मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर, पाण्यात भिजवून. तपकिरी फेस येत राहतो तोवर थांबायचं नाही. तपासणी खिडकीच्या दिवसाच्या उजेडात करायची. बल्बखाली काळं दिसणारं स्टेम सकाळी हिरवं निघतं. माझं दोनदा निघालं, आणि दोन्ही वेळा ४०० वर परत यावं लागलं, कारण खाली राहिलेला हिरवा थर बारीक कागदाने निघत नाही, फक्त चकाकतो. शँकला टेकणारी स्टेमची कड गोल होऊ देऊ नये. दह्याच्या डब्याच्या झाकणातून वर्तुळ कापून, मध्ये भोक पाडून टेननवर चढवलं आणि त्याला टेकवून घासलं. कड गोल झाली की पट्टी आणि स्टेमच्या मध्ये जी सावली दिसते ती कुठल्याही पॉलिशने झाकत नाही. पुढे ६००, ८००, १०००.

८ फेब्रुवारीला वाटीचं बाहेरचं अंग. काठावर काळा, डांबरासारखा थर होता. त्यावर थुंकीने ओलावलेला कापूस सगळ्यात चांगला चालतो. ऐकायला विचित्र, पण पाण्यापेक्षा लवकर थर सुटतो आणि लाकडाचा मूळ रंग जात नाही. अल्कोहोलने थर जातो, पण रंगही जातो. काठाची पुढची डावी बाजू जळून दबलेली आहे. सपाट फळीवर पॉलिशपेपर ठेवून काठ घासला तर ती सरळ होईल, पण वाटीची उंची कमी होईल आणि मूळ घडण बदलेल. मी काठ खाली आणला नाही. आतल्या कडेला ३२० नंबरने हलका उतार दिला, तेवढ्याने तोंड पुन्हा गोल दिसू लागलं. जळकी खूण राहिली आहे आणि ती राहू दिली.

खालच्या बाजूला दोन दबलेल्या खुणा होत्या. ओला सुती फडका चौपदरी करून खुणेवर ठेवला आणि गरम केलेल्या चमच्याची पाठ दोन-तीन सेकंद दाबली. वाफ दबलेल्या तंतूंत शिरते आणि ते फुगून वर येतात. सहा वेळा केल्यावर एक खूण गेली, दुसरी निम्मी उरली. तंतू नुसते दबले असतील तर वर येतात, तुटले असतील तर नाही. तीन ‘बी’च्या ठशापासून वाफ आणि पॉलिशपेपर दोन्ही लांब ठेवले. तो ठसा मिलिमीटरच्या अंशाएवढा खोल आहे. एकदा पुसट झाला की हा पाइप कुणाचा हे सांगणारी लाकडावरची एकमेव खूण गेली.

९ फेब्रुवारीला चांदी. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या पाण्यात बुडवली की मिनिटात पांढरी होते, पण अक्षरांच्या खोबणीतला काळेपणाही जातो आणि मग ठसे वाचताना त्रास होतो. म्हणून खडूची मऊ पूड थेंबभर पाण्यात कालवून सुती कापडाने पुसली, ठशांवर अगदी हलक्या हाताने. टूथपेस्ट चांदीवर ओरखडे काढते. चपडा लाख अल्कोहोलमध्ये दाट विरघळवून शँकवर पातळ थर दिला आणि पट्टी पूर्वीच्या रेषेवर बसवली. एपॉक्सी जास्त घट्ट धरेल हे खरं, पण पुढच्या माणसाला ती काढता येणार नाही. लाख थोड्या उष्णतेने सुटते.

१५ फेब्रुवारीला स्टेमवर मायक्रोमेशच्या, म्हणजे अगदी बारीक घासणाऱ्या मऊ पॉलिशपेपरच्या, नऊ गाद्या, १५०० पासून १२००० पर्यंत. पहिल्या तीन पाण्यात भिजवून, पुढच्या कोरड्या; तीन-तीन गाद्यांनंतर खनिज तेलाचा हात. एक गादी गाळली तर तिचे ओरखडे शेवटपर्यंत दिसतात.

२२ तारखेला वाटीच्या आत लेप दिला. बिनसाखरेचं, बिनमिठाचं दही फडक्यात बांधून चक्का केला आणि त्यात सक्रिय कोळशाची पूड मिसळून रंगासारखं दाट केलं. धुराच्या भोकात आधी पाइप क्लीनर घालून ठेवला, नाहीतर लेपाने भोक बुजतं. बोटाने पातळ थर फिरवला. दह्यातली प्रथिनं कोळशाला धरून ठेवतात, आंबट वास दोन दिवसांत गेला. आठ दिवस वाळू दिला. जाड थर दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. फक्त जपून ठेवायच्या पाइपला हा लेप नको. भेगा असलेल्या भिंतीवर नवा केक धरेपर्यंतच त्याचा उपयोग.

१ मार्चला लाकडावर खनिज तेलाचा पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून कोरडं. २ मार्चला कर्नौबा हे वनस्पतीपासूनचं कडक मेण, सुती चाकावर मंद वेगाने. हे मेण ८२ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून चाकाची ऊब लागते. पण वेग वाढवला की चाक पाइप हातातून हिसकावतं. लाकडावरचा ठसा आणि चांदी चाकाला लावली नाही, तिथे हाताने कापड फिरवलं.

खर्च असा झाला: पाइप ४२, रीमर २४, अल्कोहोल ९, क्लीनर ६, पॉलिशपेपर ७, मायक्रोमेश १३, काळा ग्लू ११, मेण आणि चाक १२, कोळसा ५, लाख ६. एकूण १३५ पौंड. यातला पाइप वगळता बहुतेक सामान पुढच्या तीन-चार पाइपांना पुरेल. आता स्टेम वेगळं काढून कापडी पिशवीत, खिडकीपासून लांब ठेवलं आहे, कारण उन्हात राहिलं तर काही महिन्यांत पुन्हा हिरवं व्हायला लागेल. खालच्या बाजूची अर्धी दबलेली खूण आणि काठावरचा जळका डाग बोटाला अजून लागतात.